स्तन काढल्यावर: आत इम्प्लांट की ब्लाउजात कृत्रिम स्तन?

वणीकडच्या आमच्या वहिनीचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून घरात हाच खल चालू आहे.

खर्चाचं आधी. इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून छातीत बसवायच्या पिशवीचा, खर्च एकदाच करून सुटत नाही. ते जन्मभराचं नसतं. वर्षं जातील तशी पुन्हा ऑपरेशनची शक्यता वाढते. सिलिकॉनचं आत फुटलं तरी बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून ५-६ वर्षांनी आणि पुढे दर २-३ वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला सांगतात. म्हणजे नागपूरच्या खेपा आल्याच. रेडिएशन झालं असेल तर शरीर इम्प्लांटभोवती जे आवरण तयार करतं ते आवळून छाती कडक, दुखरी होण्याचा धोका जास्त. मापाचा मोह तर नकोच: ४०० सीसी म्हणजे जवळपास ४०० ग्रॅम. त्या वजनानं कातडी ताणते, पातळ होते. दुसऱ्या बाजूशी जुळेल तेवढंच घ्यावं.

बाहेरून लावायचा सिलिकॉनचा स्तन वजनाला बरोबर बसतो, पण मे महिन्यात घामानं जीव नकोसा करतो. सुती विणलेला स्वस्त, धुता येणारा. मात्र कापूस वेचायला वाकलं की वर सरकतो. ब्लाउजला आतून खिसा शिवला की भागतं.

रोज शेतात जाणारीला, रेडिएशन झालेलीला मी बाहेरचाच सुचवीन. रोज काढ-घाल नकोशी वाटते, तपासण्या जमतात, पुन्हा ऑपरेशनची तयारी आहे, तिनं इम्प्लांटचं सर्जनशी बोलावं.