चित्रपुस्तक आणि वाद्यवृंद: मुलांना कोणत्या मैफिलीला न्यावं?

नाताळच्या सुट्टीत तुम्ही लंडनला असा नाहीतर न्यू जर्सीला, मुलांसाठी ‘गोष्ट आणि ऑर्केस्ट्रा’ अशा कार्यक्रमांची तिकिटं विक्रीला आलेली असतात. रंगमंचभर वादक, एक निवेदक, मागे पडदा, आणि मुलाला आधीच तोंडपाठ असलेलं एखादं चित्रपुस्तक. चार जणांची तिकिटं काढायची म्हणजे खिशाला चाट बसते आणि पोरगं दहाव्या मिनिटाला ‘घरी कधी जायचं?’ विचारेल ही धाकधूक असतेच. जाहिरातीत हे सगळे कार्यक्रम एकसारखे दिसतात, पण आत गेल्यावर ते फार वेगळे असतात. माझ्या मते निवड ऑर्केस्ट्राच्या नावावर करू नये. चित्र, शब्द आणि सूर या तिघांपैकी कोण कधी गप्प बसतं, त्यावरून करावी. तिघंही एकदम बोलायला लागले की पाच वर्षांचं मूल तिघांचाही नाद सोडतं आणि पुढच्या खुर्चीला लाथा मारत बसतं.

पीटर आणि लांडगा: चित्र नाही, तेच बरं

या सगळ्या प्रकारातलं सर्वात जास्त वाजवलं जाणारं काम म्हणजे रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हचं ‘पीटर आणि लांडगा’. मॉस्कोत मुलांचं नाट्यगृह चालवणाऱ्या नतालिया सात्स यांनी ते मागितलं आणि मे १९३६मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. हे मुळात चित्रपुस्तक नव्हे. त्याची सचित्र पुस्तकं नंतर निघाली. गोष्टही प्रोकोफिएव्हनेच लिहिली, साध्या गद्यात, त्यामुळे वाक्य संपतं तिथे सूर सुरू होतात आणि दोघांची टक्कर क्वचितच होते.

चित्राचं काम इथे वाद्यं करतात. पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, कुरकुरणारे आजोबा म्हणजे बॅसून हे जाड्या आवाजाचं वाद्य, लांडगा म्हणजे तीन फ्रेंच हॉर्न आणि पीटर म्हणजे सगळी तंतुवाद्यं. शिकाऱ्यांच्या बंदुका टिंपनी आणि मोठ्या ढोलावर वाजतात. गोष्ट सुरू होण्याआधी मुलांना ही वाद्यं दाखवून त्यांच्या धून वाजवून घ्याव्यात, अशी सूचना संगीतकारानेच देऊन ठेवली आहे. काही आयोजक वेळ वाचवायला ती गाळतात. तिकीट काढण्याआधी हे एक जरूर विचारून घ्या, कारण ती ओळख झाली नसेल तर अर्धी गंमत गेली.

आपल्या मुलांना इथे थोडी आघाडी मिळू शकते. ओबो आणि सनई दोन्ही दुहेरी पातीची वाद्यं, त्यामुळे बदकाचा आवाज ऐकून ‘हे लग्नातलं!’ असं एखादं मूल म्हणालं तर ते चुकलेलं नाही. क्लॅरिनेट तर वरातीच्या बँडमध्ये असतंच.

गोष्टीत बदक गिळलं जातं. शेवटी निवेदक सांगतो की लांडग्याने घाईघाईत ते जिवंतच गिळलं, नीट ऐका, पोटात अजून ओरडतंय. मग ओबोवर तीच धून हळूच येते. सात वर्षांचं मूल ती लगेच ओळखतं आणि शेजारच्याला कोपराने ढोसतं. चार वर्षांच्या मुलाला मात्र ‘मग त्याला बाहेर कोण काढणार?’ हा प्रश्न घरी येईपर्यंत पुरतो, तेव्हा उत्तर तयार ठेवा. एकूण वेळ अर्धा तास, किंवा त्याहून थोडा कमी.

जागा निवडताना पुढची रांग टाळा. पहिल्या रांगेतून फक्त व्हायोलिनवाले दिसतात आणि या गोष्टीतले बहुतेक नायक, म्हणजे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून, त्यांच्या मागे मधोमध बसलेले असतात. बाल्कनीतलं स्वस्त तिकीट इथे महागाच्या तिकिटापेक्षा चांगलं.

बाबार: एकदा शब्द, एकदा सूर

हे मात्र खरोखरच चित्रपुस्तकातून आलं. झाँ द ब्रुनॉफचं बाबार नावाच्या हत्तीच्या पिल्लाचं पुस्तक १९३१चं. असं सांगतात की १९४०च्या उन्हाळ्यात फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पुलांक नातेवाइकांकडे राहत असताना एका लहान मुलीने ते पुस्तक पियानोवर त्याच्यासमोर ठेवलं आणि ‘हे वाजव’ असा हुकूम सोडला. तो वाजवत बसला आणि त्यातून युद्धाच्या काळात निवेदक आणि पियानो यांच्यासाठी एक रचना तयार झाली. तिचं ऑर्केस्ट्रासाठीचं रूप झाँ फ्रान्सेने १९६२ साली केलं.

सुरुवातीलाच पद्धत कळते. निवेदक सांगतो की जंगलात एक हत्तीचं पिल्लू जन्मलं आणि त्याची आई त्याला सोंडेने झुलवत निजवते. तो थांबतो, अंगाई वाजते, आणि ती वाजेपर्यंत कोणी बोलत नाही. पुस्तक मांडीवर असेल तर मूल त्या वेळात चित्र पाहतं. म्हणजे तिघंही आहेत, पण आळीपाळीने. या जोडीचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि स्पष्टच सांगायचं तर ते ऑर्केस्ट्रापेक्षा पियानोवर जास्त खुलतं. पियानोच्या शेजारी बसून वाचता येतं, वाचणारा आणि वाजवणारा एकमेकांकडे पाहून थांबतात.

अडचणी दोन. पहिली म्हणजे अंगाईनंतर थोड्याच वेळात आईला शिकारी गोळी घालतो. पुस्तकात ते एका पानात उरकतं, मैफिलीत ते लांबतं. ज्या मुलाने नुकतंच कोणाला गमावलं असेल त्याला नेऊ नका. दुसरी म्हणजे हत्ती शहरात जाऊन सूट घालतो, मोटार चालवतो, परत येऊन राजा होतो. या गोष्टीवर वसाहतवादी दृष्टीची म्हणून बरीच टीका झालेली आहे आणि ती मला अगदीच निराधार वाटत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाशी त्यावर बोलता येतं, चार वर्षांच्या मुलाला सुटाचा हिरवा रंग तेवढा लक्षात राहतो.

स्नोमॅन: शब्दच नाहीत

रेमंड ब्रिग्जचं १९७८चं मूळ चित्रपुस्तक शब्दांविना आहे. त्यावरची अ‍ॅनिमेशन फिल्म १९८२ची, जेमतेम २६ मिनिटांची, संगीत हॉवर्ड ब्लेकचं. नाताळच्या दिवसांत ब्रिटनभर ही फिल्म पडद्यावर आणि संगीत समोर प्रत्यक्ष, असे कार्यक्रम होतात. मधलं उडण्याचं गाणं एक मुलगा गातो, बाकी कोणी तोंड उघडत नाही.

तीन ते पाच वर्षांसाठी मी डोळे मिटून हेच सुचवेन. भाषेचा प्रश्न येत नाही. आजी गावाहून आली असेल, तिला इंग्रजी कळत नसेल, तर तीही नातवाइतकंच पाहते. पुस्तकात नाताळबाबा नाही, तो फिल्ममध्ये आला. पुस्तक पाठ असलेलं मूल हे मोठ्याने बोलून दाखवेल, बोलू द्यावं. शेवटी बर्फाचा माणूस वितळतो आणि बरीच मुलं रडतात. आईबापही.

उणीव एकच. वादक फिल्मच्या सेकंदाबरहुकूम वाजवतात, संचालकाला एक श्वास जास्त घेण्याची मुभा नसते, म्हणून हे थोडं यंत्रासारखं वाटू शकतं. मुलाला त्याने काही फरक पडत नाही. पण ‘वादक कसे वाजवतात ते त्याने पाहावं’ हा तुमचा हेतू असेल तर पडद्यापुढे तो फसणार, कारण डोळे वरच राहतात.

पानं पडद्यावर, निवेदक माईकवर

हा प्रकार सर्वात जास्त भेटतो आणि सर्वात बेभरवशाचा हाच. एखादं लोकप्रिय चित्रपुस्तक घ्यायचं, त्याची पानं पडद्यावर टाकायची, नटाने वाचायचं आणि खाली संगीत चालू ठेवायचं. चित्रपुस्तक साधारण ३२ पानांचं असतं आणि मोठ्याने वाचायला पाच-दहा मिनिटं पुरतात. ते पाऊण तासावर ताणलं की गोष्टीतला दम जातो. यमक जुळवलेला मजकूर असेल तर आणखी पंचाईत: त्याला स्वतःचा ठेका असतो आणि खालून वेगळाच ठेका वाजत राहतो.

त्यातून घरी पान उलटायची सत्ता मुलाकडे असते. ‘थांब, तो उंदीर कुठंय?’ म्हटलं की आपण थांबतो. सभागृहात थांबत कोणी नाही, आणि उंदीर सापडायच्या आत पान गेलेलं असतं.

तरीही असे काही कार्यक्रम झकास होतात, विशेषतः संगीत त्याच पुस्तकासाठी नव्याने लिहिलेलं असेल तेव्हा. म्हणून तिकीटघराला दोनच गोष्टी विचारा: संगीत या गोष्टीसाठी लिहिलंय की इकडूनतिकडून निवडलंय, आणि निवेदक बोलत नाही अशा जागा किती आहेत. उत्तर नीट मिळालं नाही तर त्या पैशात पुस्तक घ्या.

फ्रेंच संगीतकार सँ-साँसचा १८८६चा ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ही बऱ्याचदा अशा कार्यक्रमांत जोडलेला असतो. त्यात गोष्ट नाही, छोटे छोटे १४ तुकडे आहेत. चुळबुळ्या मुलाला चालतो.

मराठीतून सांगायचं की नाही

निवेदन इंग्रजीत असेल आणि मूल घरी मराठी बोलत असेल तर सभागृहात कानात भाषांतर करत बसू नका. त्याला धड हेही ऐकू येत नाही, तेही नाही, आणि मागचे लोक वैतागतात. आदल्या दिवशी गोष्ट मराठीत सांगून टाका, शेवटासकट. लहान मुलांना शेवट माहीत असलेला चालतो, किंबहुना हवाच असतो.

आणि स्वतःच करायचं झालं तर

मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६पासून आहे, पण पुण्यात किंवा पणजीत मराठी मंडळाने, शाळेने किंवा वाचनालयाने असं काही करायचं तर अख्खा ऑर्केस्ट्रा परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. पाच-सहा वादक पुरे. त्याआधी पिंगुळीला जाऊन यावं असं मी म्हणेन. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. एकेक चित्र समोर धरायचं, टाळ, हुडुक (एक लहान तालवाद्य) आणि वीणेच्या साथीने त्यावरची कथा गायची, मग पुढचं चित्र. ती परंपरा टिकवण्यासाठी झटणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्र स्थिर असतं आणि कथेचा तो भाग संपल्याशिवाय हलत नाही. पडद्यावर भराभर पानं सरकवणाऱ्यांनी नेमकं हे शिकायला हवं.

हक्कांचं आधी पाहून घ्या. भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. प्रोकोफिएव्ह १९५३ साली वारला, म्हणजे त्याची गोष्ट आणि संगीत आपल्याकडे २०१४पासून खुलं आहे, मराठी निवेदन बिनदिक्कत लिहा. पुलांक १९६३ साली गेला आणि ब्रुनॉफ १९३७ साली, तेव्हा ‘बाबार’ची पियानोची रचना २०२४पासून मोकळी झाली, मूळ फ्रेंच मजकूर तर त्याआधीच मोकळा होता. फ्रान्से मात्र १९९७ साली वारला, त्यामुळे ऑर्केस्ट्राचं रूप परवानगीशिवाय वाजवता येणार नाही. इंग्रजी अनुवादाचे हक्कही वेगळे, भाषांतर थेट फ्रेंचमधून करून घ्या. ‘स्नोमॅन’चे हक्क पूर्ण शाबूत आहेत.

नवी मराठी गोष्ट हवी असेल तर ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मराठी चित्रपुस्तकं आहेत. त्यांना चाल लावता येते, ती मंचावर दाखवता येतात. लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांची नावं द्यावी लागतात, तेवढी पहिल्याच स्लाइडवर टाका. आणि ‘पीटर’ किंवा ‘बाबार’चं रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढवायचं असेल तर भारताचा हिशेब तिथे पुरत नाही. युरोपात ही मुदत ७० वर्षांची आहे, अमेरिकेत जुन्या कामांचं गणित प्रकाशनाच्या सालावरून चालतं, तेव्हा प्रयोग खुशाल करा, पण व्हिडिओ जाणकाराला विचारल्याशिवाय टाकू नका.