गुगल फ्यूड: खेळ झकास, पण मराठीत खेळायचा तर वाक्य दुसरीकडे तोडा

गुगल फ्यूड ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो. जस्टिन हुक यांनी तो २०१३ मध्ये बनवला. नावात गुगल असलं तरी खेळ गुगल कंपनीचा नाही, आणि बेतलेला आहे 'फॅमिली फ्यूड' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमावर. पडद्यावर एक अर्धवट वाक्य येतं, त्याखाली दहा झाकलेल्या ओळी असतात. एवढेच शब्द शोधपट्टीत टाकले तर गुगल पुढे काय सुचवेल, ते ओळखायचं. पहिल्या क्रमांकाच्या सूचनेला १०,००० गुण, दहाव्या सूचनेला १,०००. तीन अंदाज चुकले की फेरी संपते.

खेळ म्हणून तो उत्तम आहे. नियम अर्ध्या मिनिटात कळतात आणि पाच-सहा जण एका लॅपटॉपभोवती बसले की हमखास रंगतो. उणीव दोन ठिकाणी जाणवते. समानार्थी शब्द चालत नाही. अर्थ बरोबर असला तरी शब्द वेगळा असेल तर फुली बसते. शिवाय सगळे प्रश्न इंग्रजीत आहेत आणि बरेचसे अमेरिकी नट-गायकांवर. आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, माहेरी जमलेल्या लेकीबाळींना आणि त्यांच्या पोरांना त्यात फार रस वाटणार नाही. म्हणून हाच खेळ घरी मराठीत मांडावा. कागद, पेन आणि एक संगणक पुरतो.

मात्र इंग्रजी प्रश्नांचं सरळ भाषांतर करू नका. तिथे प्रश्नाचा शब्द सुरुवातीला येतो, त्यामुळे 'हाउ टू' किंवा 'व्हाय इज माय' एवढं लिहून थांबलं तरी पुढे शंभर वाटा फुटतात. मराठीत माणूस आधी वस्तू लिहितो आणि 'कसं', 'का', 'किती' नंतर. 'कसे करावे' असं देऊन थांबलात तर खेळ सुरू होण्याआधीच संपतो. तुकडा नामापाशी तोडा: 'वांग्याचे', 'कापूस', 'केळीच्या', 'भुसावळ ते'. यात 'वांग्याचे'सारखी प्रत्यय लागलेली रूपं सगळ्यात चांगली, कारण पुढचा शब्द भरीत, रोप, बी असा एकदम वेगवेगळा होऊ शकतो.

शेवटची मोकळी जागाही महत्त्वाची. 'जळगाव' लिहून जागा न सोडता थांबलं तर 'जळगावातील', 'जळगावचे' अशी रूपंही यादीत घुसू शकतात. जागा सोडली की यादी पुढच्या शब्दांची होते. काय करायचं ते आधी ठरवा आणि सगळ्या फेऱ्यांना तोच नियम लावा.

देवनागरी हिंदीचीही असल्यामुळे 'घर', 'पैसा' असे शब्द दिले तर हिंदी सूचना मिसळतात. यावर सोपा उपाय 'ळ'. केळी, डाळ, धुळे, जळगाव हे शब्द हिंदीत असे लिहीत नाहीत, त्यामुळे यादी बरीचशी मराठी राहते. नंदुरबारला ही सोय नाही. तिथे 'नंदुरबारचे' किंवा 'नंदुरबारमधील' असा प्रत्यय जोडून घ्या. 'खानदेश' आणि 'खान्देश' अशी दोन्ही लेखनं चालतात, पण दोन्हींच्या सूचना सारख्या येतीलच असं नाही. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी तर तिसराच प्रकार. एका फेरीत एकच लिपी ठेवा.

याद्या खेळाच्या आदल्या दिवशी काढा. गुगल सूचना देताना भाषा, ठिकाण, चालू चर्चा आणि तुमचे जुने शोध पाहतं. लॉग-इन असताना काढलेल्या यादीत घरातल्या कुणाचा तरी खासगी शोध वर येऊ शकतो, आणि चारचौघांत ते बरं दिसत नाही. ब्राउझरची इनकॉग्निटो (जुने शोध न धरणारी खासगी) खिडकी उघडा, भाषा मराठी करा, तुकडा टाका, एंटर न दाबता सूचना क्रमाने उतरवा. ठिकाण तरीही धरलं जातं, म्हणून पुण्याच्या भावाची यादी आणि चोपड्याच्या बहिणीची यादी जुळली नाही तर भांडू नका. एकाच माणसाने काढलेली यादी प्रमाण माना. त्यावर तारीख टाका. 'कापूस' या शब्दामागे वेचणीच्या दिवसांत भाव येईल, पेरणीच्या तोंडावर बियाणं येईल. जुनी यादी वापरली तर खेळणाऱ्यांवर अन्याय होतो.

संगणकावर दहापर्यंत सूचना दिसतात, मराठी तुकड्यांना पुष्कळदा कमी. सहाच आल्या तर सहावर खेळा आणि ६ ते १ गुण द्या. 'भाव', 'आजचा भाव', 'बाजारभाव' अशा एकाच अर्थाच्या ओळी एकत्र करून त्यातल्या सर्वात वरच्या ओळीचे गुण द्या, नाहीतर निम्मा तक्ता एकाच उत्तराने उघडतो. समानार्थी शब्द मान्य करा. मूळ खेळातली फुलीची कटकट घरी कशाला?

फोनवर यादी काढू नका. कीबोर्डच्या स्वतःच्या सूचना आणि गुगलच्या सूचना यांत गल्लत होते.

अहिराणीची, म्हणजे खानदेशी बोलीची, फेरी हवी असेल तर ती यूट्यूबच्या शोधपट्टीवर काढा. तिथल्या सूचना गुगलहून वेगळ्या असतात, आणि अहिराणीत लोक लेखांपेक्षा गाणी आणि विनोदी व्हिडिओच जास्त शोधतात. 'अहिराणी' हा एकच शब्द टाकून, जागा सोडून काढलेली यादी खानदेशातल्या कानबाईच्या सणाच्या रात्री आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना खेळता येईल. मात्र ती ठेवा शेवटची, कारण एकदा त्यातलं गाणं कुणी लावलं की पुढची फेरी होत नाही.