आइसलँडने युरोपीय संघात जावं की आहे तिथंच राहावं?

जेमतेम चार लाख वस्तीच्या आइसलँडमध्ये जुना वाद पुन्हा तापला आहे. २०२४ च्या अखेरीस सत्तेवर येताना तिथल्या सरकारने आश्वासन दिलं, की युरोपीय संघाशी वाटाघाटी पुन्हा सुरू कराव्यात का, यावर २०२७ पर्यंत जनमत घेऊ. तिथल्या मतदाराच्या जागी बसून दोन्ही पारडी तोलून पाहू.

एक मात्र आधी लक्षात घ्यायला हवं. हा देश आजही पूर्ण बाहेर नाही. १९९४ पासून तो युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे, २००१ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात. सामाईक बाजारपेठ, बर्लिनला नोकरी, कोपनहेगनला शिक्षण हे सगळं आधीच पदरात पडलंय. भांडण उरतं ते चलन, मताचा अधिकार आणि मासे यांचं.

क्रोना की युरो

ऑक्टोबर २००८ मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. क्रोना या तिथल्या चलनाची किंमत जवळपास निम्म्यावर आली. आयात महागली, लोक पोळले. पण मासळीची निर्यात आणि पर्यटन परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त झाल्याने देश काही वर्षांत सावरला. ग्रीसला ही वाटच नव्हती. युरो स्वस्त करणं अथेन्सच्या हातात नाही, म्हणून पगार आणि पेन्शनवर कात्री चालली आणि २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली.

एवढ्यावरून क्रोना जिंकला असं वाटेल. पण राजधानी रेक्याविकमध्ये गृहकर्ज फेडणाऱ्याला विचारा. तिथली बरीच कर्जं महागाई निर्देशांकाला बांधलेली असतात. महागाई वाढली की मुद्दलच फुगतं. माणूस दरमहा इमानदारीने हप्ता भरतो आणि वर्षाअखेरीस देणं वाढलेलं दिसतं. साधं कर्ज घ्यावं तर व्याज कडाडलेलं. २०२३-२४ मध्ये आइसलँडच्या मध्यवर्ती बँकेचा दर ९.२५ टक्के होता, त्या काळात युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेवदर ४ टक्क्यांवर होता. छोट्या चलनाची ही किंमत संकट नसतानाही रोज मोजावी लागते, आणि मला ती जास्त जड वाटते. अर्थात, संघात गेल्याबरोबर युरो हातात पडत नाही. किमान दोन वर्षं विनिमयदर ठरलेल्या पट्ट्यात ठेवावा लागतो, महागाई आणि तूट आवरावी लागते.

कायदे पाळायचे, मत नाही

सध्या बाजारपेठेचे नियम ब्रुसेल्समध्ये, संघाच्या मुख्यालयात, ठरतात आणि आइसलँड ते स्वीकारतो. विमानांच्या कार्बन शुल्काचा फटका आपल्यासारख्या बेटाला जास्त बसतो, हे पटवून २०२३ मध्ये त्याने तात्पुरती सवलत मिळवली; तीही बाहेरून विनवण्या करून. सदस्य झाल्यास युरोपीय संसदेत किमान सहा जागा, संघाच्या कार्यकारी मंडळात एक आयुक्त आणि करांसारख्या विषयात नकाराधिकार मिळेल. ७२० च्या संसदेत सहाजण काय दिवे लावणार, हा विरोधकांचा सवाल रास्त आहे. तरी शून्यापेक्षा सहा बरे.

मासे

इथं मात्र भावना आणि पैसा एकाच जाळ्यात. कॉड माशासाठी आइसलँडने ब्रिटनच्या युद्धनौकांना तोंड दिलं, ट्रॉलरची जाळी कापली आणि १९७६ मध्ये २०० सागरी मैलांची हद्द मान्य करून घेतली. संघात मासे पकडण्याचा कोटा पूर्वीच्या मासेमारीच्या प्रमाणात वाटला जातो, त्यामुळे परक्या बोटींचा दावा दुबळा ठरेल, असं समर्थक म्हणतात. खरा धोका मालकीचा आहे. आज मासेमारी कंपन्यांत परकीय गुंतवणुकीवर कडक मर्यादा आहेत. ब्रिटन संघात असताना स्पॅनिश मालकांनी ब्रिटिश नोंदणीच्या बोटी घेऊन ब्रिटनचा कोटा उचलायला सुरुवात केली, तेव्हा १९८८ मध्ये लंडनने कायदा करून त्यांना अडवलं. युरोपीय न्यायालयाने तो टिकू दिला नाही.

शेतीचं फार लांबवत नाही. मेंढपाळ आणि दूधवाले विरोधात आहेत, आणि स्वस्त आयातीची त्यांची भीती खरी आहे.

मग मत कशाला?

सदस्यत्वासाठी केलेल्या २००९ च्या अर्जानंतर वाटाघाटींच्या ३३ पैकी ११ प्रकरणांवर, म्हणजे विषयांवर, तात्पुरती सहमती झाली होती. २०१३ मध्ये बोलणी थांबली, तोवर मासेमारीचं प्रकरण उघडलंच गेलं नव्हतं. म्हणून दोन्ही बाजू आजही अंदाजावर भांडतात. जनमत आहे ते बोलणी सुरू करण्याबद्दल, सदस्यत्वाबद्दल नाही. तेव्हा गृहकर्जवाल्याने ‘हो’ म्हणावं, असं माझं मत. बोटवाल्यानेही म्हणायला हरकत नाही, फक्त मासेमारीचं प्रकरण सर्वांत आधी उघडा, ही अट त्याने सरकारकडून आत्ताच कबूल करून घ्यावी.