काटा किर्र, पण पॅकिंग रद्दी: टाकीतल्या लोकल फ्लोटचा आठ महिन्यांचा अनुभव

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, टाकी 35 लिटरची, मीटर साध्या काट्याचा. पेट्रोल कितीही भरा, काटा E वर झोपलेला. सर्व्हिस सेंटरचं निदान एका वाक्यात: 'अख्खा मीटर बदलावा लागेल.' मागची सीट कुणी उचलूनसुद्धा बघितली नव्हती.

मीटरवर पैसे घालायच्या आधी पाच मिनिटांची परीक्षा करा. मागची सीट उचला, कार्पेटखालचं झाकण काढा, फ्लोटचं, म्हणजे टाकीत तरंगून पेट्रोल किती ते मीटरला सांगणाऱ्या दांडा-डबीचं, कनेक्टर सोडवा. इग्निशन ऑन करून सिग्नलची वायर 12 व्होल्ट, 3.4 वॅटच्या बल्बमधून बॉडीला टेकवा. काटा F कडे चढायला लागला तर मीटर आणि वायरिंग शाबूत, दुखणं टाकीत. ज्या नव्या गाड्यांत सिग्नल आधी कॉम्प्युटरकडे जातो, तिथं हा उद्योग नको, स्कॅनर लावा. पेट्रोलबरोबर टेम्परेचरचा काटाही भरकटत असेल तर टाकी उघडूच नका. तिथं मीटरचा सप्लाय किंवा अर्थिंग बघायचं.

इथं काटा चढला. काढलेला फ्लोट कानाशी हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होतं. पितळी डबीला केसाएवढी चीर होती. ती शोधायची तर डबी गरम पाण्यात बुडवायची, बारीक बुडबुड्यांची माळ चिरेतूनच सुटते. डाग मारून (सोल्डर करून) वापरायच्या फंदात मात्र पडू नका. आत पेट्रोलची वाफ असते, कावीय लावायची ती जागा नव्हे.

कंपनीचं मिळतं ते पंपासकट अख्खं युनिट, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुटा लोकल फ्लोट साडेसहाशेला मिळाला. तो काउंटरवरच तपासून घ्या. मल्टिमीटर 200 ओमवर ठेवून दांडा सावकाश वर न्यायचा. या पीसला खाली 110, मध्ये 35 च्या आसपास, वर 4 ओम. आकडे सलग उतरले पाहिजेत, मध्येच स्क्रीनवर नुसता 1 उमटला तर ट्रॅक (दांडा ज्यावर घासतो ती पट्टी) तुटका, पीस परत. तुमच्या गाडीत हिशोब उलटाही असू शकतो, म्हणून जुन्याची दोन्ही टोकं आधी मोजून ठेवा.

बसवताना टाकी पाव भागापेक्षा कमी भरलेली, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली आणि गाडी उघड्यावर. स्क्रूभोवतीची माती आधी ब्रशने झाडा, नाहीतर ती टाकीत जाते आणि पुढं पंपाच्या जाळीत अडकते.

आता माझं मुख्य दुखणं. पंपाचं नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी भरली तरी काटा F च्या अर्धं बोट अलीकडेच थांबायचा. बाकी सगळं ठीक, पण तेवढं बघितलं की डोक्यात जायचं. दोन महिन्यांनी हा अनुभव लिहिला असता तर 'लोकल माल, घेऊ नका' एवढंच लिहिलं असतं.

ते चुकलं असतं. कनेक्टरची काळी (अर्थची) वायर आणि बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला तर 14 ओम! तिथं अर्ध्या ओमच्या आत हवं. म्हणजे फुल टाकीला फ्लोट बिचारा 4 सांगत होता आणि मीटरला 18 ऐकू येत होते. 110 चे 124 झाले तर E ला फारसा फरक दिसत नाही, 4 चे 18 झाले की F ला लगेच दिसतो. कार्पेटखालचा अर्थचा बोल्ट गंजून तपकिरी झाला होता. पॉलिश पेपर, नवं वायसर, वरून ग्रीस, आणि 0.3 ओम. काटा F वर. 2019 किंवा 2021 च्या पंचगंगेच्या पुरात उभी राहिलेली सेकंडहँड गाडी असेल तर हा बोल्ट सगळ्यात आधी उघडा.

आमच्याकडं पट्टीचे मेकॅनिकसुद्धा अशा वेळी फ्लोटचा दांडा वाकवतात. नका वाकवू देऊ. दांडा खाली वाकवला की काटा F ला टेकतो खरा, पण डबी टाकीच्या तळाला लवकर बसते आणि काटा E पर्यंत उतरतच नाही. मग गगनबावड्याच्या रस्त्यावर काटा थोडं पेट्रोल दाखवत असताना गाडी बंद पडणार.

आठ महिन्यांत ट्रॅकची तक्रार नाही. ट्रॅक झिजला की काटा ठरावीक जागीच नाचतो. खड्ड्यागणिक कुठंही उडी मारत असेल तर कनेक्टरच्या पिना बघा, हिरव्या पडलेल्या असतात. सध्या काटा E ला टेकल्यावर कटपर्यंत 30 लिटर बसतं, म्हणजे खाली पाचेक लिटर शिल्लक. एवढी राखीव पुरे.

मार्क कापतो ते पॅकिंगचे. फ्लोटबरोबर आलेलं, तो टाकीवर बसतो तिथलं रबर महिन्याभरात फुगलं, आणि फुल टाकीत पन्हाळ्याचा चढ लागला की मागच्या सीटवर पेट्रोलचा वास. वास आला की चालढकल नको. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात राहून पेट्रोलमधल्या उसाच्या इथेनॉलच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही, रबरच त्या लायकीचं नव्हतं. वरून साधा सिलिकॉन थापू नका, पेट्रोलमध्ये तो सुटतो. नायट्राइलचं पॅकिंग घ्या आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. त्याचे 40 रुपये वेगळे गेले, ते दुकानदाराकडून अजून वसूल व्हायचेत.