इपॉक्सी रेझिन: नऊ महिने वापरून झाल्यावर

डिसेंबरात पहिला किट मागवला, आता ऑगस्ट संपत आलाय. किटमध्ये दोन द्रव असतात, रेझिन आणि हार्डनर; एकत्र घोटले की एकमेकांशी लागून कडक होतात. एवढ्या दिवसांत साडेनऊ किलो रेझिन हाताखालून गेलं, त्यातलं दोन किलो तरी थेट कचऱ्यात. बाकीच्यातून बाभळीच्या फळीचा एक टीपॉय, दोन पाट, दारावरची पाटी, मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नातल्या हाराची फ्रेम आणि मोजणं सोडून दिलेले कोस्टर (कपाखालच्या चकत्या) झाले. राहते पुण्यात, धायरीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीला लागून पत्र्याची शेड आहे, तेच माझं वर्कशॉप. बाबा भोसरीत पॅटर्नमेकर होते, ओतकामासाठी लाकडी साचे करायचे. रंधे-पटाशा त्यांच्याच. रेझिन मात्र आमच्या घरात पहिल्यांदाच आलं.

कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. एकच कंपनी तीन-चार प्रकारचं रेझिन विकते, बाटल्या दिसायला सारख्या, आणि आपण नाव ऐकून भलताच प्रकार उचलतो. मी तेच केलं. ‘क्रिस्टल क्लिअर’ सगळ्यांवर लिहिलेलं असतं आणि ओतताना सगळी असतातही क्लिअर. मला विचाराल तर बघायचं ते दुसरंच: थर किती जाडीचा ओतायचाय आणि त्या दिवशी हवा कशी आहे.

घरातला पहिला प्रश्न होता, ‘म्हणजे अराल्डाइटच ना?’ कूळ तेच, पण ते चिकटवायचं, हे ओतायचं. आणि ओतायच्यातही दोन जाती. एक कोटिंगचं, टेबलावर काचेसारखा थर द्यायचं. मधासारखं दाट, दिवसभरात हाताला कडक लागतं, एका वेळी साधारण ३ मिलिमीटर. दुसरं कास्टिंगचं, ज्याला डीप पोअर म्हणतात. हे खोबरेल तेलासारखं पातळ, कडक व्हायला दोन-तीन दिवस लावतं, पण कंपनीने सांगितलं असेल त्याप्रमाणे २५ ते ५० मिलिमीटर एका दमात ओतता येतं. मी घेतलं तेव्हा कोटिंगचं किलोला आठशेच्या आसपास पडलं, डीप पोअर अकराशे. या तीनशे रुपयांकडे बघूनच मी पहिली चूक केली.

टिंबर मार्केटमधून बाभळीची फळी आणली होती. मधोमध फाटलेली, भेग पंज्याएवढी रुंद, जाडी ३२ मिलिमीटर. भेगेत निळी नदी काढायची हौस. घरात होतं कोटिंगचं रेझिन. डब्यामागे बारीक अक्षरात थराची जाडी लिहिली होती, ती मी वाचली दुसऱ्या दिवशी. सातशे ग्रॅम एकाच मगात घोटलं, मायका पावडर (चमकदार रंग) घातली आणि फोन वाजला. दहा-बारा मिनिटं बोलले असेन. परत येऊन मग उचलला तर बाहेरून चहाच्या कपासारखा गरम. घाबरून अर्धं भेगेत ओतलं. मगात राहिलेलं बघता बघता पिवळं पडलं, फेसाळलं, धूर यायला लागला आणि प्लास्टिकचा मग एका अंगाला वाकला. रात्री जेवताना शेडमधून ‘टक्’ असा आवाज. सकाळी पाहते तर नदीत आरपार तडा आणि डाव्या बाजूला लाकडापासून सुटलेली कड, नख जाईल एवढी.

बाबा काठी टेकत वर आले, बघितलं आणि म्हणाले, ‘ओतकामातही जाड भाग सगळ्यात शेवटी थंड होतो, फाटतो तो तिथेच.’ रेझिनमध्ये भर अशी की उष्णता बाहेरून येत नाही, दोन्ही द्रव एकमेकांशी लागल्यामुळे ती आतच तयार होते. थर जाड असला की तिला बाहेर पडायला वाव नाही, आणि गरम झालं की ते आणखी वेगाने लागतं. तेच रेझिन परातीत पसरलं तर कोमटही होत नाही. आता घोटून झालं की मगात एक मिनिट ठेवत नाही, फोन शेडच्या बाहेर असतो. टीपॉय पुढे डीप पोअरने केला, पंधरा-पंधरा मिलिमीटरच्या दोन ओतांत. तो आजही हॉलमध्ये आहे.

दुसरा फटका प्रमाणाचा. फायबरची कामं करणारे एक ओळखीचे काका आहेत. जानेवारीच्या थंडीत कोस्टर दोन दिवस झाले तरी चिकट म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘हार्डनर थोडं वाढवा.’ त्यांच्या कामात ते बरोबरच आहे. ते पॉलिएस्टर रेझिन वापरतात, त्यात हार्डनर शेकडा एक-दोन टक्के असतं, वाढवलं की लवकर आवळतं. इपॉक्सीत हार्डनर हा निम्म्याचा नाहीतर तिसऱ्या हिश्श्याचा भागीदार. त्याचा प्रत्येक कण रेझिनच्या कणाशी जोडला जातो. जास्त घातलं तर जोडीदार न मिळालेलं तसंच आत राहतं आणि वस्तू कायमची रबरासारखी. माझे आठ कोस्टर असे गेले.

त्यात आणखी एक खोच होती. डब्यावर २:१ लिहिलेलं, पण ते मापाने, वजनाने नाही. मी काट्यावर १०० ला ५० घेत होते. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापाचं २:१ वजनात धरलं तर १०० ला साधारण ४३ ते ४५ बसतं. म्हणजे काकांचं ऐकण्याआधीच माझं हार्डनर जास्त जात होतं! बहुतेक कंपन्या दोन्ही प्रमाणं देतात, बाटलीवर नसेल तर डेटा शीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. विकणारा डेटा शीट देत नसेल तर मी त्याच्याकडून घेत नाही. दुकानदार कितीही गोड बोलला तरी नाही.

घोटण्याबद्दल एवढंच: तीन मिनिटं, सावकाश, सपाट काडीने, कडा आणि तळ खरवडत. मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा एक मिनिट. चकचकीत थरात मध्येच एखादा ठिपका चिकट राहतो ना, तो कपाच्या कडेचं न घोटलेलं रेझिन असतं.

आता हवा. डेटा शीटवर ‘पॉट लाइफ ४० मिनिटं’ (घोटल्यावर ओतायला मिळणारा वेळ) असतं त्याच्या शेजारी २५ अंश आणि १०० ग्रॅम असं लिहिलेलं असतं. दर दहा अंशांना वेग अंदाजे दुप्पट होतो. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी ३८-४० अंश, माझ्या पत्र्याखाली त्याहून जास्त. तिथे चाळीस मिनिटांची पंधरा व्हायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाचला ओतायचे. थंडीत उलटं. सकाळी बारा अंशांना रेझिन काकवीसारखं होतं, बुडबुडे वर येतच नाहीत. एकदा तर बाटलीच्या तळाशी साखर जमल्यासारखं पांढरं दिसलं. खराब झालं म्हणून टाकणार होते, पण ते गोठलेलं तूप समजा. बाटली गरम पाण्यात तासभर ठेवली, पुन्हा पारदर्शक.

लाकडातले बुडबुडे हा वेगळाच विषय. आधी पातळ हात मारून छिद्रं बंद करायची हे सगळे सांगतात. मला उपयोगी पडलं ते असं: लाकूड तापत असताना ओतलं तर छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते, निवत असताना ओतलं तर रेझिनच आत ओढलं जातं. म्हणून मेपासून पहाटेची वेळ सोडली. संध्याकाळी फळी शेडमधून आतल्या खोलीत आणते, आणि ती निवायला लागली की ओतते. उरलेल्या बुडबुड्यांवर हीट गन, पण झर्रकन. एका जागी धरली की लाटा उठतात.

पावसाळ्यात मात्र माझा अनुभव वाईट. जुलैत दोन पाटांवर कोटिंग केलं, सकाळी वर मेणचट थर, बोट फिरवलं की रेघ उमटते. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी लागून हा थर येतो. गंमत म्हणजे तो अॅसिटोनने नाही, कोमट पाण्याने आणि घासणीने निघतो. वाळल्यावर पॉलिश पेपर मारून दुसरा हात द्यायचा. पाण्याने न धुता थेट पेपर मारलात तर तोच मेणचटपणा सगळीकडे पसरतो. आणि लाकूड? ओलावा मोजायचं मीटर जूनअखेर त्याच फळीवर १७ टक्के दाखवत होतं, जी मार्चमध्ये ९ होती. मी १२ च्या वर हात लावत नाही. बाबा तर दहाच म्हणतात.

पाटांच्या वेळी आत्याचा आग्रह, रंग विकतचा नको, हळद घाल. घातली. रेझिनमध्ये छान पिवळी होती, हार्डनर पडलं आणि घोटता घोटता केशरी, मग विटकरी लाल. मी चक्रावले, आत्या हसायला लागली: ‘अगं, कुंकू असंच करतात की, हळदीत चुना घालून.’ हार्डनर चुन्यासारखंच अल्कली. पाट सुंदर झाला, पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, म्हणून तो देवघरात, खिडकीपासून लांब.

हाराच्या फ्रेमबद्दल बऱ्याच जणी विचारतात. फुलं ओली असताना रेझिनमध्ये घालू नका, आतल्या आत काळवंडतात. मी प्रत्येक फूल सिलिका जेलमध्ये आठवडाभर पुरून वाळवलं. गुलाब थोडे गडद झाले, शेवंती मस्त राहिली, मोगरा तपकिरी पडला. मोगऱ्याचं आधी सांगून ठेवलं होतं म्हणून मैत्री टिकली.

उन्हाचं आणि उष्णतेचं. दारावरची पाटी दक्षिणेला, पाच महिन्यांत तिचा पांढरा भाग सायीच्या रंगावर गेलाय. त्याच ओतातला एक तुकडा कपाटात ठेवला होता, तो अजून स्वच्छ. डब्यावर यूव्ही स्टॅबिलायझर लिहिलेलं होतं. त्याने पिवळेपणा लांबतो, थांबत नाही. बाहेर लावायचं असेल तर वर यूव्हीवालं पीयू क्लिअर (पॉलियुरेथेनचं पारदर्शक वार्निश) मारा, नाहीतर रंग आधीच गडद निवडा. टीपॉयवर एक गोल ठसाही आहे, पाहुण्यांच्या चहाचा. साधं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांना मऊ पडायला लागतं आणि आपला चहा त्याहून गरम. त्यात तो टीपॉय तिसऱ्याच दिवशी वापरात घेतला. कडक दिसलं तरी पुरतं लागायला आठवडा जातो. ताटं, पोळपाट असलं काही मी रेझिनमध्ये करत नाही, कोणी कितीही पैसे देऊ केले तरी.

एक तक्रार स्वतःबद्दल. वास येत नाही म्हणून पहिले तीन महिने मास्क लावला नाही आणि स्वैपाकघरातले पातळ हातमोजे वापरले. मार्चमध्ये मनगटावर बारीक पुरळ उठलं, खाज जाईना. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही अॅलर्जी एकदा बसली की पुढे थोड्याशा संपर्कानेही उठते. आता नायट्राइलचे हातमोजे, वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क, पूर्ण बाह्या. हाताला लागलं तर साबण-पाणी. अॅसिटोनने पुसायचं नाही, ते रेझिन त्वचेत आणखी मुरवतं.

सध्या कपाटात मुख्य डबे दोनच: कोटिंगचं दीड किलो, डीप पोअरचं तीन किलो, दोन्हींवर उघडल्याची तारीख मार्करने. ‘सगळ्याला चालणारं’ म्हणून घेतलेलं १:१ चं तिसरं आता फक्त कोस्टर आणि की-चेनला, संपलं की पुन्हा घेणार नाही. जांभळाची एक फळी खोलीत वाळतेय, काल मीटरवर १४ होती. ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत तिला हात लावणार नाही.