पावतीवरचा २७ आकडा

बेळगावच्या उद्यमबागेत तीन लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग मशीन) एवढे माझे वर्कशॉप आहे आणि गेली बावीस वर्षे मी जॉबवर्क करतो. हे आधीच सांगतो, कारण ‘तुमच्यासारखा माणूस फसलाच कसा’ हा प्रश्न घरच्यांपासून बँकेच्या शिपायापर्यंत सर्वांनी मला विचारून झाला आहे. एकूण २,२४,००० रुपये गेले.

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आमचा सात-आठ जणांचा फिरायला जाणारा गट आहे. मला फसवणारा गृहस्थ त्यात हळूहळू मिसळला. आम्ही सगळे त्याला ‘सर’ म्हणत असू. सर कशाचे, हे कोणी विचारले नाही. मुलाची दहावी, वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, कोणाचे सगळे त्याच्या लक्षात राही, आणि दिवाळीला प्रत्येकाच्या घरी कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स पोहोचला. दोन महिन्यांनी त्याने मला एक गिऱ्हाईक मिळवून दिले : ब्रॉन्झचे ४० बुश, नगाला ४६० प्रमाणे १८,४०० रुपये, आणि पैसे त्याच संध्याकाळी रोख. आमच्या धंद्यात त्याच संध्याकाळी रोख कोण देतो? ते गिऱ्हाईक त्याचेच होते आणि ते पैसे म्हणजे गळाला लावलेले आमिष होते, हे आता कळते.

मग दर बुधवारी नाश्त्याची बैठक आणि एकमेकांना कामे मिळवून देण्याचे ‘परिचय मंडळ’ सुरू झाले. वर्षाची वर्गणी २१,००० रुपये. हसू नका. बेळगावात फौंड्रीवाल्याने मशीनिंगवाल्याचे नाव सुचवायचे आणि मशीनिंगवाल्याने हीट ट्रीटमेंटवाल्याचे, अशीच कामे फिरतात. जाहिरात देऊन कोणाला कास्टिंगचे काम मिळाल्याचे मी पाहिलेले नाही. त्यामुळे ओळखीसाठी पैसे मोजण्यात मला वावगे वाटले नाही आणि आजही तत्त्वतः वाटत नाही.

पुढचा प्रकार बहुतेकांना ठाऊक असेल. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत व्हेंडर म्हणून नोंदणी, त्यासाठी १,५०,००० रुपये ‘परत मिळणारी’ अनामत, तपासणीचा खर्च ३५,४०० रुपये, आणि नमुन्याच्या मालाला माझ्या पदरचे १७,६०० रुपये. खरी कंपनी नुसत्या नोंदणीसाठी पुरवठादाराकडून सहसा अनामत मागत नाही. तिच्या खरेदी विभागाला एक फोन केला असता तर सारे तिथेच संपले असते, पण सरांच्या पाठीमागे चौकशी करणे मला बरे दिसेना. ज्याची चौकशी करायला संकोच वाटतो, त्याचीच आधी करावी.

आणि ती पावती. डेपोबाहेरच्या चहाच्या टपरीवर, ओल्या बाकड्यावर पुस्तक ठेवून त्याने ती फाडून दिली. पत्ता बेळगावचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात २७ ने. कर्नाटकाचा आकडा २९ आहे, हे मला झोपेतही सांगता येईल. माझ्या प्रत्येक बिलावर तो छापलेला असतो. त्याखाली तपासणीच्या ३०,००० वर सीजीएसटी २,७०० आणि एसजीएसटी २,७०० अशी, राज्यातल्या राज्यात लागते तशी, फोड होती. कोल्हापूरला, म्हणजे दुसऱ्या राज्यात, माल पाठवताना मी दर महिन्याला त्याऐवजी आयजीएसटी लावतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीवरून माझ्यासारख्या बेळगावच्या नोंदणीकृत व्यावसायिकाला बिल करताना अशी फोड येऊच शकत नाही. पण मी तो २७ पाहिला आणि मला संशय येण्याऐवजी आपलेपणा वाटला. महाराष्ट्राचा नंबर म्हणजे आपला माणूस! सीमाभागात वाढलेल्या माणसाची ही दुखरी नस त्याने ओळखली होती, की त्याच्या हाताला लागला तो क्रमांक त्याने खरडला होता, हे मला ठरवता येत नाही. माझा राग मात्र त्याच्याइतकाच त्या क्षणीच्या माझ्यावर आहे. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही क्रमांकावरून नाव, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, हे दिसते. मी ते पाहिले तेव्हा सर आठ दिवस फिरायला आलेले नव्हते. क्रमांक एका किराणा दुकानाचा होता आणि तोही रद्द झालेला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला मी हे कळल्यानंतर सहाव्या दिवशी फोन केला, तेवढी चूक माझी. ऑनलाइन पैसे गेल्याचे कळताच तासाभरात तो करावा, कारण खात्यात रक्कम शिल्लक असेल तरच ती गोठवता येते. पण पोलीस ठाण्यात जे झाले, त्यात माझी काय चूक? पहिल्या दिवशी सांगण्यात आले की हा व्यवहाराचा वाद आहे, वकील गाठा. दुसऱ्या दिवशी मराठी अर्ज चालणार नाही म्हणाले, म्हणून बाहेर २०० रुपये देऊन तो कन्नडमध्ये टाइप करून आणला. मग पैसे ज्यात गेले ते खाते कोल्हापूरच्या शाखेतले निघाले, तेव्हा म्हणाले तिकडे जा. कोगनोळीचा टोल भरून शंभरावर किलोमीटर गेलो, तर तिथल्या साहेबांनी अर्ज न वाचताच विचारले, “पैसे बेळगावातून दिले ना? मग तक्रार बेळगावात.” बँकेला पोलिसांचे पत्र हवे आणि पोलिसांना बँकेचा उतारा हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. हे मी अर्जात लिहिले, तर “कायदा आम्हाला शिकवता का” असे ऐकावे लागले. इकडे भाषा चुकते आणि तिकडे पत्ता चुकतो. शेवटी चौथ्या खेपेला पोच मिळाली. शिक्का आणि सही असल्याखेरीज अर्ज टेबलावर सोडून येऊ नका.

आमच्या गटातल्या आणखी तिघांचे पैसे गेले आहेत. त्यांतील एकाची रक्कम माझ्यापेक्षा मोठी आहे, पण मुलीचे लग्न ठरलेले असल्याने त्याला नाव बाहेर नको आहे आणि उरलेले दोघे ‘तुझे काय होते ते पाहू’ म्हणतात. एका अर्जाला व्यवहाराचा वाद म्हणता येते, चार अर्जांना म्हणता येणार नाही, असे मी त्यांना रोज सकाळी सांगतो. निपाणी, चिकोडी किंवा खानापूरकडे कोणाजवळ बेळगावचा पत्ता आणि २७ चा क्रमांक असलेली अशी पावती असेल, तर ती फाडू नका. सोमवारी मी पुन्हा ठाण्यात जाणार आहे. निदान एकाने तरी सोबत यायचे कबूल केले आहे, ज्याच्या मुलीचे लग्न आहे त्यानेच.