चवळीवरचा मावा की चिकूवरचं वटवाघूळ: आधी कुणाकडे बघायचं?

भात कापल्यावर मळ्यात चवळी पेरलीय आणि घरामागे चिकू-सुपारीची वाडी आहे, पण हाताशी माणूस एकच. अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे: आधी मावा.

वटवाघळाचा राग लवकर येतो, कारण अर्धे खाल्लेले चिकू सकाळी अंगणातच पडलेले असतात. मावा ही चवळीवरची कीड जेमतेम दोन मिलिमीटरची, काळी. कोवळ्या शेंड्यांवर आणि शेंगांवर बसून रस शोषते. मादीला नराची गरज लागत नाही, ती थेट पिल्लंच घालते आणि आठवडा-दहा दिवसांत तीही वयात येतात. गर्दी झाली की पंखवाले मावे निघतात आणि शेजारच्या मळ्यात पोचतात. मोठ्या वटवाघळाच्या मादीला वर्षाला पिल्लू एकच. चिकूची नासाडी हंगामापुरती असते, माव्याने चवळीवर मोझॅक (पानांवर चट्टे पाडणारा विषाणूचा रोग) आणला तर ते झाड पुन्हा सुधारत नाही.

म्हणून दर तीन-चार दिवसांनी शेंडे उलटून बघा. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर समजा, माव्याचा गोड चिकटा खायला त्या आल्यात. सुरुवातीला शेंडे खुडून किंवा पाण्याचा जोरदार फवारा मारून भागतं. वाढला तर ५ टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी. ढालकिडे (लेडीबर्ड) आणि त्यांच्या अळ्या भरपूर दिसत असतील तर मी फवारत नाही. ते मावाच खातात.

वटवाघळासाठी काम थोडंच आहे. चिकू झाडावर पिकू देऊ नका, तयार झाला की कडक असतानाच उतरवा, घरात पिकतो. मोजक्या फळांना कापडी पिशव्या बांधा. जाळं मात्र नको, त्यात अडकून ती तडफडून मरतात. उष्टं फळ कुणी खाऊ नये, मुलांना तर बजावूनच सांगा.

वन्यजीव कायद्यात १९७२ पासून फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. मला याचा मनापासून आनंद झाला. एक मीटरहून रुंद पंखांचा हा प्राणी रात्रभर फिरून लांबलांब बिया टाकतो. किनाऱ्यावरच्या उंडीची फळं तो नेतो, वरचा गर खातो आणि बी खाली सोडतो. त्याच बिया गोळा करून लोक तेल काढत आले, आणि ते होड्यांच्या लाकडाला लावत आले. तुमच्या वाडीजवळ वडावर त्यांची वस्ती असेल तर फटाके लावू नका, आणि तो वड तोडू देऊ नका.